अर्ध्या चढावरची गाडी

"दत्तू, तुजे खांदे हायेत नं? मंग माज्या नातवाला पाय कशाला पायजेत?"

ही आयची वाणी. तिला जाऊन पंधरा वर्षं झाली, पण दत्तूच्या कानात ती अजून तशीच आहे, मिठागरावरून येणाऱ्या वाऱ्यासारखी, अंगाला चिकटणारी. तीन वर्षांच्या कान्हाला ताप आला, ताप उतरला आणि उतरताना दोन्ही पायांतलं बळ घेऊन गेला. इस्पितळातून पोराला घेऊन परत आलेल्या दत्तूला आयने उंबऱ्यावरच हे सांगितलं होतं. ती धीर देत होती. दत्तूला तो हुकूम वाटला.

तेव्हापासून कान्हा बापाच्या खांद्यावर वाढला. शाळेत खांद्यावरून गेला, गावदेवीच्या पालखीत खांद्यावरून नाचला, आणि खाडीकाठच्या खाजणात तर रोज. खांद्यावरून पाणी लांबवर दिसतं. दहा वर्षांचा असताना तो वरूनच सांगायचा, "बाबा, उघाडीपाशी पाणी करडं झालं बघा, कोळंबी चढली." दत्तू उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या त्या लाकडी दारापाशी, जाळं टाकायचा आणि जाळं जड होऊन यायचं. लोक म्हणायचे, दत्तूला चार डोळे आहेत, दोन खाली अन् दोन वर.

आता कान्हा पंचवीसचा होता आणि दत्तूचे गुडघे साठीचे.

ऐरोलीत सेक्टर उठले, सोसायट्या उठल्या, खाडीत नव्या पुलाचे खांब उभे राहिले, तरी खाजणातला तलाव तेवढा राहिला होता. तलाव पाच घरांचा. जिताडी, कोळंबी, बोयी, जे भरतीबरोबर आत येईल ते पाचांचं. दर तीन वर्षांनी पाच घरं बसून राखणदार नेमत. त्याला एकच अट, पणजोबांपासूनची: अमावास्येच्या ओहोटीला राखणदार होणाऱ्याने मासळीची दोन टोपली तलावापासून उचलायची आणि आपली आपण बांध ओलांडून रस्त्याला लावायची. ज्याला आपली टोपली घेऊन बांध चढता येत नाही, तो उधाणाच्या रात्री उघाडी कशी वाचवणार? आता टोपल्यांच्या जागी प्लास्टिकचे क्रेट आले होते. अट तीच होती.

या खेपेला कान्हा बैठकीत बोलला होता. "राखण मी करतो."

कुणी हसलं नाही, हेच त्याला जास्त लागलं. पाच घरांत वडील मधुकरशेठ. त्यांनी पानाची डबी मिटली नि म्हणाले, "बाला, तुला पान्याचं जेवढं कलतं तेवढं आमच्यातल्या कुनाला कलत नाय. पन बांद तुला वलखत नाय रं. अवसेला दोन करेट वर आन. आनलेस तं तीन वर्सं तुजी. नाय तं पलीकडल्या गावच्या रावसाहेबाला ठेक्यानं देऊ."

"बाबांच्या खांद्यावर नाही," कान्हा म्हणाला. "गाडीवर."

ती गाडी म्हणजे चार चाकांची एक बुटकी फटफटी. बोटीच्या भंगाराबरोबर परदेशातून कुठून तरी कळंबोलीच्या यार्डात येऊन पडलेली. टू-स्ट्रोक, ऐंशी सीसीची. पायाला काही काम नाही. दोन्ही ब्रेक हाताला, गिअर आपोआप, आणि एक्सलेटर मुठीचा नव्हे, उजव्या अंगठ्याने दाबायचा. रबाळ्याच्या नाक्यावरच्या पंढरी मिस्त्रीने तिची बातमी आणली आणि दत्तू टेम्पो घेऊन एकटाच ती आणायला गेला.

यार्डातल्या भंगारवाल्याने गाडी चालू करून दाखवली. मग अंगठ्याच्या दांडीखाली बोट घालून त्याने दत्तूला एक बारका स्क्रू दाखवला. "चाचा, ये बच्चों की गाडी है. ये स्क्रू अंदर है ना, तो आधाही दबेगा. बच्चा सीख गया, तो बाहर निकाल देना. फिर देखो."

दत्तूने मान डोलावली. दोन दिवस चालवू दे, मग सांगू, असं त्याने टेम्पोतच ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी कान्हाला त्याने उचलून गाडीवर बसवलं. कान्हाने अंगठा दाबला. गाडी फटफटत निघाली, गावाच्या गल्लीतून, सोसायटीच्या कुंपणाला लागून, सरळ. दत्तू मागून चालला, मग झपाझप चालला, मग धावला. कान्हा ओरडत होता, "बाबा, सोडा! आता सोडा!" पण दत्तूने काही धरलेलंच नव्हतं. वळणावर गाडी दिसेनाशी झाली. दत्तू तिथेच उभा राहिला. हातात काही नाही, खांद्यावर काही नाही. वारा मानेला लागत होता. बावीस वर्षांत मानेला तिथे वारा लागला नव्हता.

अर्ध्या जोरावर ही, तर पुऱ्या जोरावर कुठे जाईल?

त्या दिवशी त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आणि तिसऱ्या दिवशी गाडी बांधावर मेली.

बांधाची आतली बाजू उभी. दगड रचलेले, त्यांवर ओली माती. मागे गाडा जोडून, गाड्यात दोन रिकामे क्रेट ठेवून कान्हाने सुरुवात केली. अर्ध्या चढापर्यंत गाडी आली, तिचा आवाज बसत बसत गेला, आणि दमेकरी म्हाताऱ्यासारखी ती थांबली.

"रिकाम्या क्रेटला ही गत!" कान्हाने हँडलवर मूठ मारली. "मासळी भरल्यावर काय, मी ढकलू?"

अवसेला पंचवीस दिवस होते.

पंढरी मिस्त्री माण तालुक्यातला. दुष्काळातून ट्रकच्या टपावर बसून आलेला, आणि वीस वर्षं स्कूटरी उघडून बसलेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "कान्हाभाऊ, टेन्शन घिऊ नगा. टू-स्ट्रोकची नाडी आपल्याला म्हाईत हाय. आठ दिसांत घोडी करून देतो."

पहिल्यांदा त्याने मागचं चेनचं चक्कर मोठं टाकलं. गाडी चार हात जास्त चढली आणि मेली.

मग त्याने इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासलं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दिवसभर घासत बसला. दाब वाढला, इंजिन ठकठकायला लागलं, गरम झालं की हात लावायची सोय नाही. चढावर तेवढंच.

मग सिलिंडरची भोकं बारीक कानशीने मोठी केली. मग सायलेन्सर कापून आतली जाळी काढली. तेव्हा असा आवाज झाला की सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अहो, परीक्षा आहेत मुलांच्या!" पण बांधावर मात्र गाडी आधीपेक्षा दोन हात खालीच थांबली.

"आता मागं कशी आली?" कान्हा ओरडला. "पंढरीशेठ, घोडी करणार होतास ना? आवाज घोडीचा, चाल कासवाची!"

"आवं टू-स्ट्रोकला जाळी लागतीया वाटतं," पंढरी डोकं खाजवत म्हणाला. "धूर मागं दाबून धरायला. चुकलंच."

"वाटतं? माझा तलाव चाललाय आणि तुला वाटतं?"

"मंग दुसरा मिस्त्री बगा!" पंढरीने पाना आपटला, आणि पाच मिनिटांनी तोच पाना उचलून जाळी परत जोडायला बसला.

दत्तू हे सारं नाक्यावरच्या बाकड्यावर बसून बघत होता. रोज तो कान्हाला घरून गॅरेजपर्यंत आणत होता, कारण गाडी उघडून पडलेली. रोज मानेवर तेच ओळखीचं वजन. रोज सकाळी त्याला वाटे, आज सांगावं. जिभेच्या टोकावर शब्द येई. पण आता सांगणं म्हणजे नुसतं स्क्रूचं सांगणं राहिलं नव्हतं. हेड घासलं तेव्हा का नाही बोललास, भोकं मोठी केली तेव्हा का नाही बोललास, याचंही सांगणं आलं. दिवस गेला की शब्द एक हाताने खोल जाई, तलावाच्या गाळात पाय जातो तसा.

पंढरीने प्लग काढून उजेडात धरला. काळाकुट्ट. "बगा, प्लग काळा येतूय. पेट्रोल जास्त होतंय." त्याने पेट्रोलचा जेट बारीक केला. मग म्हणाला हवा कमी पडते, आणि कुठल्या जुन्या मोटरसायकलचा मोठा कार्बोरेटर आणून बसवला. कार्बोरेटरपाशी वायर हाताने ओढून बघितली. आतला पडदा पुरता वर गेला. "हे तर झ्याक उगडतंय." गॅरेजात जॅकवर चाकं उचलून चालू केलं की गाडी अशी किंचाळे की नाक्यावरची कुत्री उठून जात. रस्त्यावर उतरवून चढावर नेली की मरे.

"जॅकवर किंचाळतंय, चढावर मरतंय," पंढरी कपाळावरचा घाम काळ्या हाताने पुसत म्हणाला. "काका, वीस वरसांत असलं इंजिन न्हाई बघितलं. कुनी करणी केलीया का हेच्यावर?"

दत्तूने मान दुसरीकडे फिरवली.

पंढरीने वीस वर्षं मुठीचा एक्सलेटर पाहिला होता. मूठ पुरती फिरली की नाही, हे हाताला कळतं. हा अंगठ्याचा. किती दाबला म्हणजे पुरता, हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, कान्हाला तर नव्हतंच. अंगठा अडला की दोघांनाही वाटे, झालं, एवढंच असतं.

घरी दत्तूच्या बायकोने, रखमाने, ताट वाढलं. कान्हा जेवलाच नाही. उजव्या तळव्याला सायलेन्सरचा चटका बसून फोड आला होता. तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. रखमा त्याला बघून परत आली, दत्तूच्या समोर बसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली बाई. तिला बोलायची घाई नसते.

"तुमी काय गिळून बसलाव?" ती म्हणाली.

"काय नाय."

"मंग घास का फिरवताव तोंडात? पोराचं समजतंय, त्याचा तलाव चालला. तुमचं काय चाललं?"

दत्तू उठून हात धुवायला गेला. मागून रखमा पाट्यावर नव्हे, मिक्सरवर खोबरं वाटता वाटता हलक्या गळ्यात गुणगुणत होती. तिच्या आईकडून आलेलं गाणं, मधेमधे मिक्सरच्या आवाजात बुडणारं:

बापाच्या गं खांद्यावरी लेक वाऱ्याशी बोलतो
बाप पाण्यात चालतो, त्याला तळ ना लागतो

"दुसरं काय गा," दत्तू करवादला.

"मी काय तुमच्यासाठी गातंय?" रखमा म्हणाली, आणि मिक्सर पुन्हा चालू केला.

अवसेला पाच दिवस राहिले तेव्हा पिस्टन सिलिंडरात अडकून बसला. घासलेल्या हेडने आधीच तापलेलं इंजिन, बारीक केलेला जेट, आणि रागाने सकाळपासून चढावर सोळा वेळा गाडी घालणारा कान्हा. सतराव्या वेळी मागची चाकं एकदम जाम झाली. गाडी आडवी सरकली, कान्हा खाली दगडांवर पडला आणि गाडा सुटून त्याच्या शेजारून घसरत तलावात गेला.

दत्तू धावला. गुडघे विसरून धावला. कान्हाच्या कोपरातून रक्त येत होतं. त्याला उचलून घेताना दत्तूच्या लक्षात आलं की कान्हा रडतोय, आवाज न करता, दात दाबून. मोठा झाल्यापासून पोरगा त्याच्या समोर रडला नव्हता.

"बाबा, माझं काय चुकतंय?" कान्हा म्हणाला. "सांगा ना. तुम्ही बघताय रोज. माझा हात चुकतो का? वजन चुकीचं टाकतो का?"

"तुजं काय चुकत नाय."

"मग?"

दत्तूने त्याला खांद्यावर घेतलं आणि बांध चढायला सुरुवात केली. त्याच चढावर, त्याच दगडांवरून. अर्ध्यात त्याला धाप लागली. तिथेच, जिथे गाडी मरत होती, तो थांबला. आता सांगतो, असं त्याने ठरवलं. तोंड उघडलं. पण वरून कान्हाचा हात त्याच्या केसांत आला, लहानपणी यायचा तसा, तोल सावरायला. आणि दत्तूने तोंड मिटलं. स्वतःचीच त्याला इतकी चीड आली की पुढची पावलं त्याने बांधाला लाथा घालाव्यात तशी टाकली.

पंढरीने सिलिंडरला बोअर मारून आणला, नवा पिस्टन घातला. यावेळी बढाई नाही, विनोद नाही. "कान्हाभाऊ, माझ्याच्यानं जेवडं व्हईल तेवडं केलं," एवढंच म्हणाला.

अवस उजाडली. दुपारी ओहोटी लागली. तलावातलं पाणी उघाडीतून उतरलं, जाळी ओढली गेली, आणि दोन क्रेट भरले. एकात जिताडी, एकात कोळंबी, वर बर्फ. पाच घरांतली माणसं बांधावर रांगेत बसली. रावसाहेब आपल्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता, नव्या पांढऱ्या चपला चिखलापासून जपत.

"गाडी हाय का शिवनाची मशीन?" रांगेतून कुणी तरी म्हणालं.

"मशीन बी वर चडल, पायडल मारलं तं," दुसरं कुणी म्हणालं. हशा झाला.

मधुकरशेठ म्हणाले, "गप रंव्हा. पोराला चडू दे."

कान्हाने अंगठा दाबला. नव्या पिस्टनचा आवाज स्वच्छ होता. गाडी गाड्याला ओढत चढाला लागली. एक दगड, दोन दगड. चाकांखालची माती उडाली. कान्हा पुढे वाकला, सारं अंग त्याने हँडलवर टाकलं, अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. अर्धा चढ. आवाज खाली यायला लागला. "चल," कान्हा दातातून म्हणाला, "चल ना, चल, चल."

गाडी थांबली.

दोन्ही ब्रेक दाबून तो तसाच राहिला, उतारावर टांगलेला. एक कोळंबी क्रेटमधून उडून दगडावर पडली नि तडफडू लागली. आता कुणी हसत नव्हतं.

पंढरी खाली बघत होता. दत्तू बांधावरून उतरला. त्याच्या अंगाला ठाऊक होतं पुढे काय करायचं ते. तो गाडीशेजारी आला, पाठ वळवली, गुडघे वाकवले आणि हात मागे केले.

"नाही," कान्हा म्हणाला.

"ये रं."

"हात लावू नका, बाबा." त्याचा आवाज फुटला होता, पण चढा नव्हता. तो वर मधुकरशेठकडे बघून बोलला. "शेठ, रावसाहेबाला द्या. गाडी भंगारात घाला. मी परत मागायला येणार नाही. कशालाच."

रावसाहेबाने ट्रॅक्टरवरचा हात काढला. मधुकरशेठ उठले, धोतर झटकलं. रांगेतली माणसं उठायला लागली.

दत्तू अजून वाकलेलाच होता. वाकलेल्या पाठीवर कुणी येणार नव्हतं. हे त्याला कळलं तेव्हा तो सरळ झाला, वळला, आणि पोराच्या तोंडाकडे बघून बोलायला लागला. बोलला तो एवढ्या मोठ्यानं, की पार उघाडीपाशी जाळं धुणाऱ्या बायांनीही मान वर केली.

"थांबा! कोन उठू नका. शेठ, बसा. ही गाडी मेलेली नाय. हिला मी अर्ध्यात धरून ठेवलीय." त्याने कान्हाच्या अंगठ्याखाली बोट घातलं. "आथं, दांडीखालती स्क्रू हाय. हा आत हाय तवर अंगठा अर्धाच दबतो. बारक्या पोरांसाठी ठेवतात. कलंबोलीच्या भंगारवाल्यानं मना पयल्याच दिशी दाखवलवता. बाहेर काड म्हनलावता. पंढरी, तुजा काय दोस नाय. तू सारं इंजिन चिरलंस, अन् मी बाकड्यावर बसून बघत व्हतो."

पंढरीच्या तोंडाचा आ झाला. कान्हाचा हात ब्रेकवर तसाच होता.

"पयल्या दिशी भ्यालो," दत्तू म्हणाला. त्याचा श्वास लागला होता, पण आता तो थांबत नव्हता. "तू वलनावरून गेलास नं, मागं बघितलाच नाय. मना वाटलं पडशील. खोटं सांगत नाय, पडशील असं बी वाटलं. पन त्याच्यापरीस दुसरंच वाटलं. ह्यो आता आपला आपन जायाला लागला, मंग मी सकालचा उठून करू काय? कुनाला घेऊन कुठं जाऊ? मना दुसरं कायच येत नाय रं, कान्हा. म्हनून गप ऱ्हायलो. मंग लाज वाटली, म्हनून गप ऱ्हायलो. तुजा हात भाजला, तू पडलास, तरी गप ऱ्हायलो. तुना चडता येत व्हतं. पयल्या दिसापासून येत व्हतं. मनाच तुना सोडता नाय आलं."